आपल्या कुळांचा शोध व चर्चच्या नोंदवह्या

संत मत्तयानें आपलें शुभवर्तमान एका वंशावळीनें आरंभिलें आहे. त्या वंशावळींत दावीद व शलमोन यांसारखे राजे आहेत. परंतु तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी ह्या स्त्रियांचा उल्लेखही तींत गाळलेला नाहीं. प्रभूच्या कुळाचा वृत्तांत लिहितांना जर कांहीं झांकलें गेलें नाहीं, तर आपण तरी कां झांकावें? कुलशोध करूं इच्छिणाऱ्यानें हा विचार प्रथम मनांत ठसवावा.

महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या तरुण मंडळींत पूर्वजांविषयीं जिज्ञासा जागी झाली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. तिला योग्य वळण लागावें म्हणून धर्मग्रामांत नवशिक्यांचे अभ्यासवर्ग भरविले पाहिजेत. त्यांत काय शिकवावें, तें येथें थोडक्यांत सांगतों.

पहिला धडा घरचाच असावा. वृद्ध आजीस, आत्यास, मावशीस विचारावें : त्यांचें माहेर कोठलें, धर्मपिता व धर्ममाता कोण, आपल्या घरास गांवांत कोणत्या नांवानें ओळखतात. कोणीं व कोणत्या दिवशीं सांगितलें, तेंही लिहून ठेवावें. ऐकीव गोष्ट एका शाईनें व लेखी पुराव्याची दुसऱ्या शाईनें लिहावी. मग थडग्यांवरील लेख, सातबाराचे उतारे व वारसांचीं नांवें असलेल्या फेरफारनोंदी पाहाव्या.

दुसरा धडा आडनांवाचा. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्यानें वसई पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर ज्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांस स्नानसंस्काराच्या वेळीं पोर्तुगीज आडनांव मिळे. तें पुष्कळदां धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें असे. म्हणून परेरा आडनांवाचीं दोन घरें एका रक्ताचीं असतीलच असें नाहीं. त्या आडनांवावरून पूर्वज पोर्तुगीज होते, असेंही ठरत नाहीं.

तिसरा धडा नोंदवह्यांचा. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मग्रामगुरूस विवाहांची वही ठेवण्याची आज्ञा केली व धर्ममातापित्यांचीं नांवेंही लिहून ठेवावयास सांगितलें. पुढें १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यु व घरोघरच्या माणसांची गणती अशीं पांच पुस्तकें नेमून दिलीं. १९०७ च्या आज्ञापत्रानुसार विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारीं समासांतही होऊं लागली. त्यामुळें लेक कोणत्या गांवीं दिली, तें त्या समासावरून कळतें. जमीनदाराचें नांव सरकारी दप्तरांत सांपडतें. परंतु ज्यास वीतभरही जमीन नव्हती, त्या मजुराचें व त्याच्या तान्ह्या मुलाचें नांव ह्याच वह्यांनीं राखलें आहे.

ह्या नोंदी लॅटिन, पोर्तुगीज व इंग्रजी भाषांत आढळतात. एकच मनुष्य एके ठिकाणीं जोआन्नेस, दुसरीकडे जुआंव व तिसरीकडे जॉन असतो. लॅटिनमध्यें ‘जोसेफुस’ ह्याच्या मुलाची नोंद करतांना बापाचें नांव षष्ठींत ‘जोसेफी’ असें होतें. नवशिक्यास ते दोन निराळे पुरुष वाटतात.

राज्यें पालटल्याच्या खुणाही ध्यानांत घ्याव्या. १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. पोर्तुगीज धर्मगुरू गेले व गोमंतकीय धर्मगुरूंनीं आपल्या लोकांचा सांभाळ केला. मुंबई बेटांत १७९४ मध्यें चर्चचा अधिकार पोर्तुगालचा राजाश्रय व रोमची प्रोपागांडा ह्यांत विभागला गेला. ही दुफळी १९२८ च्या करारानें मिटण्याच्या मार्गास लागली. पोटासाठीं मुंबईस गेलेल्या दोन भावांचीं नांवें म्हणून निरनिराळ्या चर्चमध्यें शोधावीं लागतात. वाळवीनें व पावसाळी ओलीनें वह्या खातात. प्रत्येक दुवा जुळेलच अशी आशा धरूं नये, आणि न जुळलेला कल्पनेनें तर जोडूंच नये.

शेवटीं एक विनंती. एखाद्या नोंदींत बापाचें नांव नसतें. तें पाहून कुजबुज करणें हें पाप होय. आपल्या कुळाचें झांकूं नये आणि शेजाऱ्याचें उघडूं नये, हा अभ्यासवर्गाचा नियम असावा. वही नेहमीं धर्मगुरूच्या अनुज्ञेनें व त्याच्या देखरेखीखालींच पाहावी. कुलशोध हा सोयरिकीच्या तराजूंत घालण्याचें वजन नव्हे.

वह्या कपाटांत आहेत. त्या उद्यांही वाचतां येतील. परंतु ज्या आजीच्या मुखीं घराण्याचें जुनें नांव व चार पिढ्यांच्या गोष्टी आहेत, ती उद्यां असेलच असें नाहीं. तिच्याकडे आजच जावें. येत्या २ नोव्हेंबरास सर्व मृतांच्या स्मरणदिनीं मिस्सेस उभे राहतांना आपल्या ओंठीं केवळ ‘आमचे पूर्वज’ एवढेच शब्द नसून त्यांचीं एकेक नांवें असावीं, आणि त्या प्रत्येक आत्म्यास आपल्या प्रार्थनेचा लाभ व्हावा, हीच प्रभुचरणीं याचना.