‘झाला का पाठ?’ : मुलांच्या स्मरणाच्या अभ्यासाची गोष्ट

सुरुवात घरातल्या एका प्रसंगाने करतो. उद्या शाळेत सातचा पाढा म्हणून दाखवायचा आहे. आई विचारते, ‘झाला का पाठ?’ पोरगं म्हणतं, ‘हो, झाला.’ ‘म्हण बघू.’ सात चोक अठ्ठावीसपर्यंत गाडी नीट जाते आणि तिथे अडते. मग ठरलेलं वाक्य येतं, ‘मग झाला म्हणून खोटं का सांगितलंस?’

ते मूल खोटं बोललं होतं का, हा आजचा प्रश्न आहे. मानसशास्त्राला त्याचं उत्तर द्यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, कारण इतकी वर्षं तो प्रश्न कुणी नीट विचारलाच नव्हता.

१८८५ साली जर्मनीत हर्मान एबिंगहाऊस यांचा स्मरणावरचा ग्रंथ आला. त्यांनी निरर्थक अक्षरं जुळवली, ती स्वतःच पाठ केली आणि ती किती वेळात विसरली जातात हे मोजलं. स्मरण मोजता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पण मोजलं ते एका प्रौढ माणसाचं. दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, लंडनच्या जोसेफ जेकब्स यांनी शाळकरी मुलांना आकडे ऐकवून ते परत म्हणायला लावले. वयाबरोबर लक्षात राहणाऱ्या आकड्यांची संख्या वाढत जाते, असं त्यांना दिसलं. (हेच जेकब्स पुढे लोककथांचे संग्राहक म्हणून प्रसिद्ध झाले. भारतीय परीकथांचा त्यांचा संग्रह १८९२चा. माणसं तेव्हा एकाच विषयात अडकून पडत नसत!) मग १९०५ मध्ये पॅरिसला बिने आणि सिमॉन यांची बुद्धिमापन चाचणी आली. आकडे परत म्हणायला लावणं तिच्यातही होतं.

यातून एक चित्र पक्कं झालं. स्मरण म्हणजे डबा. लहान मुलाचा लहान, मोठ्याचा मोठा. कुणाचा जन्मतःच छोटा असेल, तर त्याला इलाज नाही. शाळांनी हे चित्र आनंदाने उचललं, आणि खरं सांगायचं तर ते अजून खाली ठेवलेलं नाही.

सोव्हिएत रशियात वेगळी वाट धरली गेली होती. १९४८ मध्ये इस्तोमिना यांनी बालवाडीतल्या मुलांना दुकान-दुकान खेळायला लावलं आणि दुकानातून आणायच्या वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या. नुसती यादी पाठ करायला दिली तेव्हापेक्षा खेळात मुलांना जास्त वस्तू आठवल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा प्रयोग व्याख्यानांतून फार सांगितला जातो, मीही सांगत असे. पण १९८६ मध्ये वाइसबर्ग आणि पॅरिस यांनी अमेरिकेत तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा निकाल उलटा आला. म्हणून त्यावर फार भार टाकायला नको. मूल लक्षात ठेवण्यासाठी स्वतः काय करतं, हा प्रश्न त्यातून पुढे आला, एवढं मात्र घेऊ.

आता आपण १९६६ला येऊ. जॉन फ्लेव्हेल, बीच आणि चिन्स्की यांचा अमेरिकेतला प्रयोग. याच्यावर जरा थांबतो, कारण मला तो फार आवडतो. मुलापुढे सात चित्रं ठेवलेली. त्यातल्या काहींवर संशोधक एकामागून एक बोट ठेवणार, आणि थोड्या वेळाने मुलाने त्याच क्रमाने बोट ठेवायचं. मधल्या पंधरा सेकंदांत मुलाच्या डोक्यावर अंतराळवीराचं खेळण्यातलं शिरस्त्राण. त्याची झडप डोळ्यांवर ओढलेली, पण तोंड उघडं. आणि समोर बसलेल्या संशोधकाला ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखायचं शिक्षण दिलेलं. मूल मनात काय करतंय हे पाहायला त्यांनी नुसते ओठ पाहिले!

पाचवीच्या वीस मुलांपैकी सतरा जण चित्रांची नावं पुटपुटत होते. दुसरीतले निम्म्याहून थोडे जास्त. आणि बालवाडीतल्या वीसपैकी फक्त दोन. ही नावं लहानांना येत नव्हती असं नाही. चित्रं साधी होती, नावं सगळ्यांना ठाऊक होती. आपण ज्याला घोकणं म्हणतो ते करावं, हे त्यांना सुचलंच नव्हतं. (आपल्याकडे ‘घोकंपट्टी’ ही शिवी आहे. पण आपल्या वर्गात पाढे सगळे मिळून म्हणतात, म्हणजे घोकायची आठवण शाळाच करून देते. मुलाला ती स्वतःहून होते का, हा वेगळा प्रश्न.)

पुढच्या वर्षी कीनी, कॅनिझो आणि फ्लेव्हेल यांनी पहिलीतली न पुटपुटणारी मुलं निवडली आणि त्यांना नावं कुजबुजत राहायला सांगितलं. त्यांचं स्मरण आपोआप पुटपुटणाऱ्या मुलांच्या बरोबरीला आलं. म्हणजे डबा लहान नव्हता! पण मग ‘आता तुला हवं तसं कर’ असं सांगितल्यावर त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी कुजबुजणं सोडून दिलं. उपाय हातात होता, उपयोगीही पडला होता, तरी सोडला. का? आपल्याला जास्त आठवलं ते कशामुळे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं, असं मला वाटतं.

इथून प्रश्न बदलला. १९७० मध्ये फ्लेव्हेल, फ्रीड्रिक्स आणि हॉइट यांनी मुलांना आधीच विचारलं, तुला किती चित्रं आठवतील? जास्तीत जास्त दहा. शाळापूर्व वयाच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जण म्हणाले, सगळी! प्रत्यक्षात आठवली तीन-चार. मोठी मुलं अंदाज बांधताना बरीच सावध होती. मग आणखी एक काम दिलं. चित्रं हवा तेवढा वेळ पाहा, पूर्ण पाठ झाली की सांग. लहान मुलं म्हणायची ‘झाली’, आणि अर्ध्या वाटेत अडायची.

म्हणजे आपला सातचा पाढाच की हा! त्या मुलाला ‘झाला’ असं खरोखरच वाटत होतं. पाठ होणं एक आणि पाठ झालंय की नाही हे कळणं दुसरं. दुसरं उशिरा येतं. आपण रागावतो पहिल्यासाठी, कमी असतं दुसरं.

१९७१ मध्ये फ्लेव्हेल यांनी याला ‘मेटामेमरी’ हे नाव दिलं. मी त्याला स्मरणाचं भान म्हणतो. १९७५ मध्ये क्रॉयट्झर, लेनर्ड आणि फ्लेव्हेल यांनी मुलांना सरळ प्रश्नच विचारले. कुणी फोन नंबर सांगितला, तर आधी फोन लावशील की आधी पाणी पिऊन येशील? उद्या शाळेत स्केट्स न्यायचे आहेत, विसरू नये म्हणून काय करशील? कुणी म्हणालं, समोर दिसतील असे ठेवीन, कुणी चिठ्ठी लिहीन, कुणी आईला सांगून ठेवीन. वयाबरोबर उपायांची संख्या वाढत गेली. बघा, आईला सांगून ठेवणं हाही लक्षात ठेवण्याचाच उपाय!

शेवटी ॲन ब्राउन यांच्याबद्दल. जन्माने इंग्लिश, काम अमेरिकेत. लहानपणी त्यांना स्वतःला तेराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. १९७६ मध्ये त्यांनी आणि बार्कले यांनी त्या काळी ‘मंदबुद्धी’ असा शिक्का बसलेली मुलं घेतली, मानसिक वय सहा आणि आठ. मुलाला जेवढी लक्षात राहत त्याच्या दीडपट चित्रं दिली. चित्रं खिडक्यांमागे, खिडकी दाबली की एक दिसायचं. काही मुलांना एवढंच शिकवलं, की खिडकी दाबण्याआधी आत काय आहे ते स्वतःच सांगून पाहा. काहींना घोकायला शिकवलं. आणि ‘झालं’ म्हणण्याआधी पुन्हा पाहून खात्री करायला लावली. फरक मोठा पडला. सहा वर्षांच्या मानसिक वयाची मुलं आठवण करून दिल्याशिवाय पुढे ते करीनाशी झाली, हेही सांगितलं पाहिजे. पण दुसऱ्या गटाची वर्षभराने पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा ती मुलं खिडकी उघडण्याआधी स्वतःला विचारत होती. त्यांना वाचायला साधे उतारे दिले, तर त्यांनी त्यावर जास्त वेळ घालवला, आणि हे शिक्षण न मिळालेल्या त्यांच्यासारख्याच मुलांपेक्षा त्यातलं जास्त सांगितलं. उताऱ्यांना खिडक्या नव्हत्या.