योहान, इव्हान, जॉन : एका नावाची कुळकथा

जॉन, इव्हान, हान्स, ज्याँ, हुआन आणि जोव्हानी ही सारी योहानान या एकाच हिब्रू नावाची रूपे आहेत. त्यातला ‘यो’ हा याहवे या देवनामाचा संक्षेप. ‘हानान’ म्हणजे ‘कृपा केली’. ‘देवाने कृपा केली’ हा नावाचा अर्थ. हेच दोन घटक उलट क्रमाने जोडले की हनन्या हे नाव बनते. हन्ना आणि तिच्यापासून आलेले ॲना ही नावेही याच धातूची. हिब्रूच्या जवळच्या फिनिशियन भाषेत देव बदलला, धातू तोच राहिला: कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या नावाचा अर्थ ‘बआलाची कृपा’ असा होतो.

नाव जगभर गेले ते प्रामुख्याने दोन व्यक्तींमुळे: बाप्तिस्मा करणारा योहान आणि येशूचा शिष्य योहान. लूकच्या शुभवर्तमानानुसार पहिल्याच्या जन्मानंतर नातलग त्याला वडिलांचे, जखऱ्याचे, नाव देऊ पाहत होते. आई अलीशिबेने ‘योहान’ सांगितले आणि मूक झालेल्या जखऱ्याने पाटीवर तेच लिहिले. इस्लाम या योहानाला यह्या या नावाने पैगंबर मानतो. अरब ख्रिस्ती मात्र युहन्ना म्हणतात.

ग्रीकमध्ये मधला ‘ह’ गळून इओआन्नेस झाले. लॅटिनने लिहिताना तो ‘ह’ परत आणला. पुढे चर्चच्या वाटांनी नावाच्या शाखा फुटल्या. पूर्वेकडे ग्रीक रूपावरून स्लाव्ह लोकांचा इव्हान घडला. पश्चिमेकडे लॅटिन रूपातला आरंभीचा ‘य’ जर्मन योहान आणि पोलिश यानमध्ये टिकला, तर फ्रेंच, इटालियन व इंग्रजीत त्याचा ‘ज’सारखा उच्चार झाला. योहान्नेसचा मधला-शेवटचा भाग उरून हान्स झाले. आयर्लंडमध्ये लॅटिनवरून आलेले ओइन आधीपासून होते. नॉर्मन लोकांच्या फ्रेंच रूपावरून शॉन हे दुसरे रूप रुजले. स्त्रियांसाठी जोआना, जेन, इव्हाना ही रूपे झाली. फ्रान्सची जोन ऑफ आर्क, म्हणजे फ्रेंचमधली जान, याच कुळातली. जॉन्सन, जोन्स, इवानोव्ह, आर्मेनियातले होव्हानिस्यान ही आडनावेही याच नावावरून आली.

भारतात हे नाव एका वाटेने आले नाही. केरळच्या जुन्या ख्रिस्ती समाजाची पारंपरिक धर्मभाषा सिरियाक. म्हणून तिथला योहन्नान मूळ उच्चाराच्या फार जवळ आहे. गोव्यात पोर्तुगीज ‘जुआंव’ आले. 24 जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण तिथे सांजांव म्हणून साजरा होतो; डोक्यावर फुलापानांची कोपेलां घालून तरुण विहिरींत उड्या मारतात. मराठी बायबलने योहान हे रूप स्वीकारले, तर इंग्रजीतून जॉन आले. त्यामुळे आज भारतातील ख्रिस्ती कुटुंबांत योहन्नान, जुआंव, योहान आणि जॉन ही चारही रूपे आढळतात.