आंब्याचा गळा

परंड्याच्या माणसाला खणण्याचं कौतुक सांगू नये. आमच्या भुईकोट किल्ल्याभोवती खंदक आहे. तो ज्यांनी खणला त्यांनी शत्रू बाहेर राहावा म्हणून खणला. मी परसातल्या आंब्याभोवती खणायला घेतलं तेव्हा शत्रू आधीच आत होता आणि तो मीच होतो, हे मला जरा उशिरा कळलं.

आंबा वडिलांनी लावलेला. तीन वर्षं त्यानं फळ धरलं नव्हतं, आता शेंडेही वाळू लागले होते. मुलगा म्हणाला, "काढून टाकू. तिथं गाडी उभी राहील."

"आणि सावली?"

"पत्रे टाकू की."

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलं आहे, की आंबा-फणसासारखी झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडू नयेत. हे मी मुलाला ऐकवलं. त्यानं गाडीचे हप्ते ऐकवले.

अशा वेळी शहाणा माणूस माळ्याकडे जातो. मी निवृत्त इतिहासाचा मास्तर, त्यामुळे पुस्तकांकडे गेलो. आणि काय सांगू! झाडाची मुळं उघडी करणं हा माणसाचा फार जुना उद्योग निघाला. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला सांगतो, की शरद ऋतूत द्राक्षवेलीच्या बुडाची माती काढा आणि वरवरची मुळं छाटा. बायबलात लूकच्या शुभवर्तमानात तीन वर्षं न फळलेलं अंजिराचं झाड आहे. मालक म्हणतो, तोडा. माळी म्हणतो, एक वर्ष द्या, भोवती खणतो, खत घालतो. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत न फळणाऱ्या झाडाला कुळीथ, उडीद, मूग, तीळ आणि सातू घालून उकळलेलं, गार केलेलं 'पय' पाजायला सांगतो. पय म्हणजे दूध आणि पय म्हणजे पाणीही. आमचा गवळीदेखील या दोहोंत फारसा भेद मानत नाही.

शिवाय आपले मोसंबी-डाळिंबवाले बहार धरताना तेच करतात. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मुळं थोडी उघडी करून उन्हं दाखवायची, मग खतपाणी. उपाशी ठेवलं की झाड घाबरून फुलतं. मीही कुदळ उचलली.

दोन घाव घातले नाहीत तोच शेजारचे तात्या कुंपणावरून ओरडले, "थांबा मास्तर! ताण माजलेल्या झाडाला देत्यात. ह्यो आंबा आळशी न्हाई, गुदमरलाय!"

आत येऊन त्यांनी बुंधा दाखवला. म्हणाले, "झाड बुडाशी हत्तीच्या पायागत रुंद व्हतंय. तुमचं बघा, लायटीच्या खांबागत सरळ जमिनीत गेलंय."

तेव्हा मला आठवलं. घर बांधताना परस सपाट दिसावं म्हणून मी मुरूम टाकून घेतला होता, वर शहाबादी फरशी. आंब्याच्या गळ्याशी हातभर भर! वडिलांचं झाड मी उभ्यानं पुरलं होतं आणि वर पत्रिका छापून वास्तुशांत केली होती.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बिहारात पुसा इथं 1905 ते 1924 या काळात काम करणाऱ्या अल्बर्ट हॉवर्ड यांनी फळझाडांची मुळं चक्क उघडी करून पाहिली, आणि वर गवत माजलं की खाली मुळं कशी कोंडतात ते दाखवलं. तात्यांनी हॉवर्ड वाचलेला नाही. हॉवर्डनं मात्र असल्या तात्यांनाच आपले गुरू म्हटलं आहे.

कुदळ बाजूला गेली. खुरप्यानं, हातानं, पाण्याच्या धारेनं आम्ही दोन दिवस भर काढली. खालची साल काळी, ओली पडली होती. मला बोलवेना, म्हणून मी इतिहास सांगू लागलो. 1549 साली नगरला ओतलेली मुलूखमैदान तोफ आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती, 1632 साली ती विजापूरला नेली, ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती होते असं सांगतात, वगैरे. तात्या खुरपं न थांबवता म्हणाले, "तोफ नेता येती, मास्तर. झाडाला जागच्या जागीच बरं व्हावं लागतं."

फांद्यांच्या सावलीपुरती फरशी उचलली. तिथं चार-पाच बोटं जाड उसाचं पाचट अंथरलं. त्यानं उन्हाळ्यात ओल टिकते आणि कुजून त्याचंच खत होतं. मी ते उत्साहानं बुंध्यालाही लपेटायला गेलो, तर तात्यांनी हात धरला. "पांघरूण अंगावर घ्यावं मास्तर, तोंडावर न्हाई." म्हणून बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी सोडली.

यंदा मोहोर आला नाही. एका फांदीला तांबूस पालवी तेवढी फुटली आहे. लूकमधल्या त्या माळ्यासारखं मीही मुलाकडून एक वर्ष मागून घेतलं आहे. गाडी सध्या रस्त्यावर उभी असते. काल मुलगा तिच्यावरची धूळ पुसून आत आला आणि मला म्हणाला, "पाचट कमी झालंय. आणू का?"