शोकमग्न मेरी (बरोक चित्रकला)

क्रूसावर पुत्र गमावलेल्या मेरीमातेचे अर्धव्यक्तिचित्र. पंधराव्या शतकातील नेदरलँड्समध्ये त्याची पूर्वपीठिका आढळते. सतराव्या शतकात इटली व स्पेनमध्ये ते बहरले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धार्मिक चित्रांची उपयुक्तता ठामपणे मान्य केली होती. चित्र भाविकाच्या अंतःकरणाला भिडावे, ही अपेक्षा त्यामागे होती. या चित्रांत क्रूस, सैनिक, जमाव सारे गळून पडते आणि चेहरा व हात तेवढे उरतात.

बोलोन्याचा ग्वीदो रेनी (१५७५–१६४२) याने रंगविलेल्या मेरीच्या वर वळलेल्या पाणावलेल्या नजरेचे युरोपभर अनुकरण झाले. ग्रीक पुराणकथेतील अपत्ये गमावलेल्या नायोबीच्या, १५८३ मध्ये रोममध्ये सापडलेल्या प्राचीन शिल्पाचा या नजरेवर प्रभाव आहे. स्पेनमध्ये चित्रकार मुरिल्योने अशी मेरी काटेरी मुकुटधारी येशूच्या जोडीने रंगविली.

फ्लॉरेन्सचा कार्लो दोल्ची (१६१६–८६) याची टोकिओतील पाश्चात्त्य कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली मेरी (सु. १६५५) या प्रकारातील सर्वांत हृदयस्पर्शी कृती म्हणावी लागेल. काळोखी पार्श्वभूमी, लाजवर्दापासून केलेल्या निळ्या रंगाचा जड झगा, त्यातून जेमतेम डोकावणारी जुळलेली बोटे आणि खाली झुकलेली दृष्टी. आक्रोश कुठेही नाही. दुःख त्या आवरलेपणातच साठले आहे. दोल्चीच्या शैलीशी निकटचे नाते असलेले एक चित्र इटालियन धर्मप्रसारक जोव्हान्नी बात्तिस्ता सिदोत्ती याने १७०८ मध्ये जपानमध्ये नेले. ख्रिस्ती धर्मावर बंदी असल्याने त्याला अटक होऊन ते जप्त झाले. आज ते टोकिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.