मुकादमाचे दार आणि जावाचे कोठार

गिरणीच्या चळवळीत वाढलेल्या माणसांनी संगणकाच्या इतिहासावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच आहे: गरजवंताची आणि गरजेच्या वस्तूची गाठ कोणी घालून द्यावयाची?

मुंबईच्या गिरण्यांत ही गाठ जॉबर, म्हणजे मुकादम, घालीत असे. बदली कामगाराने पहाटे गिरणीच्या दाराशी उभे राहावे आणि त्याची मर्जी सांभाळावी. १९३१ च्या व्हिटले कमिशनने नोकरभरती मुकादमाच्या हातून काढून मजूर अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी शिफारस केली. १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आली; वशिल्याच्या जागी कार्ड आले.

जावा ही संगणकाची भाषा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या कारभारासाठी तिची जेटूईई ही मांडणी १९९९ च्या अखेरीस निघाली. तीत आज्ञावलीच्या एखाद्या भागाला डेटाबेसची जोडणी हवी असली, तर जेएनडीआय नावाच्या नामसूचीत त्याने स्वतः शोध घ्यावयाचा. म्हणजे प्रत्येकाला सूची ठाऊक हवी, तीतले नाव ठाऊक हवे. सूचीवाचून त्या भागाची चाचणी घेणेही जड जाई.

रॉड जॉन्सन यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात निराळी वाट दाखविली. तीतूनच स्प्रिंग उभे राहिले. त्याची पहिली पक्की आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन फाउलर यांच्या लेखाने या रीतीचे ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केले. भागाने फक्त गरज सांगावी. ‘कंटेनर’ नावाच्या कोठाराने ती पुरवावी.

पण कोठार कोणी शोधावयाचे? खरी मेख येथे आहे. स्प्रिंगच्या वेब आज्ञावलीत ते आरंभीच उभारून सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट या सामाईक जागी ठेवतात. डिसेंबर २००९ मध्ये सीडीआय आले. त्याच्या बीनमॅनेजर या कारभाऱ्याला बाहेरून गाठावयाचे, तर पुन्हा जेएनडीआयचेच दार! २०१३ च्या सुधारणेने ‘सीडीआय करंट’ अशी कोठूनही हाक मारण्याची सोय केली. सोयीबरोबर मोहही आला. ज्याने त्याने वाटेल तेथून हाक मारली, की कोण कशावर अवलंबून आहे हे पुन्हा झाकले जाते; कोठाराचाच मुकादम होतो.

शोध नाहीसा होत नाही. तो एका दाराशी आणता येतो, इतकेच. कार्ड आले तरी कार्डाच्या टेबलावर नजर ठेवावीच लागते, हे चळवळीने आम्हांला शिकविले. देवपुरात जावा शिकणाऱ्या आपल्या मुलांनीही कोठाराचे दार एकच ठेवावे, आणि ते उजेडात ठेवावे.