येरळेची वाळू आणि कॉलेजचा अभ्यास

येरळा नदी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि खानापूर, तासगावच्या बाजूने वाहत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. १८८५ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा खटाव, खानापूर आणि तासगाव हे तिन्ही तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. नदीला अर्थातच याची खबर नाही. नकाशे मात्र जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबतात. ‘आपल्या जिल्ह्यातील नैसर्गिक साधनसंपत्ती’ असा प्रकल्प मुलांना दिला, की अर्धीच येरळा वहीत उतरते.

हा सगळा भाग पर्जन्यछायेतला. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला पाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात, पूर्वेकडे खटाव-माणला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. खानापूरची तीच गत. खाली काळा पाषाण. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी साठायला जागा फार थोडी. ते साठते भेगांत आणि वरच्या मुरमात. मग उन्हाळ्यात विहिरींना पाणी कुठून येणार? नदीकाठच्या गावांत याचे एक उत्तर पात्रातल्या वाळूत होते.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. एक लिटरच्या डब्यात कोरडी, जाड वाळू काठोकाठ भरा आणि मोजपात्राने सावकाश पाणी ओता. साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी मावेल. आता डब्याच्या बुडाला भोक पाडा. सगळे पाणी परत मिळणार नाही, काही वाळूच्या कणांना चिकटून राहते. जाड वाळूतून एकंदर आकारमानाच्या सुमारे पाव भाग पाणी सुटते असे धरून चालू. आता पात्राचा एक किलोमीटर लांब, ५० मीटर रुंद तुकडा घ्या आणि त्यात दोन मीटर वाळू आहे असे समजा. त्यात अडीच कोटी लिटर पाणी मावते, तेही उन्हापासून झाकलेले! उघड्या तलावातले पाणी उन्हाळाभर उडत असते. वाळूखाली दोन-तीन फुटांवर असलेले फारच कमी उडते.

वाळू मोजायचे आपले माप ब्रास, म्हणजे १०० घनफूट. एक ब्रास वाळू उपसली की नदीची सुमारे ७०० लिटर साठवणक्षमता जाते, आणि ती एकदाच जात नाही, दर पावसाळ्याला जाते. लिलावात वाळूला भाव येतो तो बांधकामाचे साहित्य म्हणून. पाणी धरून ठेवणारी वस्तू म्हणून तिची किंमत कोणत्याच रकान्यात नसते.

ही किंमत खानापूर तालुक्यातल्या लोकांनी १९८०च्या दशकात मांडली. १९८२च्या जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या भागातले अनेक कामगार गावी परतले. गावी दुष्काळ होता. रोजगार हमीवर खडी फोडताना प्रश्न निघाला, की आपण वर्षानुवर्षे खडीच का फोडायची? दुष्काळ हटेल असे काम का नाही? डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीने हा प्रश्न उचलला. लोकविज्ञान चळवळीतल्या मंडळींची साथ मिळाली. दुष्काळ म्हणजे केवळ पावसाची लहर नव्हे, पिके, उपसा आणि वाळू यांच्याशी त्याचा संबंध आहे, हे गावकरी स्वतः पडताळून पाहू लागले.

त्यातून तांदूळवाडी आणि बलवडी या गावांसाठी येरळेवर एक छोटे धरण उभे राहिले, बळीराजा स्मृती धरण. तांत्रिक बाजूला अभियंता के. आर. दाते यांची मदत होती. परवानगीसाठी झगडावे लागले. पैसा उभा करण्यासाठी गावकऱ्यांनी नदीतली थोडी वाळू विकली, काही हितचिंतकांनी मदत दिली, श्रमदान झाले. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबावर ठरवला आणि भूमिहीनांनाही तो धरला. वाळूउपशाविरुद्ध उभे राहिलेल्या लोकांनीच वाळू विकावी, हे काहींना विसंगत वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. प्रश्न वाळूला हात लावायचा की नाही हा नव्हता. किती काढायची, कोणी ठरवायची आणि पैसा कुठे जाणार, हा होता.

आता कॉलेजकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिकवण्याचा आदेश दिला आणि २००३ साली पुन्हा बजावले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी ५० तासांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात नैसर्गिक साधनसंपत्तीला आठ तास होते आणि नदी, डोंगर, कुरण अशा एखाद्या स्थानिक ठिकाणाच्या पाहणीला पाच. ते पाच तास अनेक ठिकाणी मागच्या वर्षीचा प्रकल्प उतरवून काढण्यात गेले, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

खरे तर या कामात तालुक्याचे कॉलेज मोठ्या संस्थेपेक्षा सरस ठरू शकते. आम्ही संशोधक मंडळी वर्षातून दोनदा येणार, चार विहिरी पाहून जाणार. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. पण वर्गातल्या अनेक मुलांच्या घरची विहीर नदीकाठी असते. वजन बांधलेली फुटांच्या खुणांची दोरी एवढेच साधन. पंप काही तास बंद असताना, काठावरच्या एकाच खुणेपासून, दर पंधरवड्याला मोजायचे. जवळच वाळूचा उपसा चालू असेल तर तारखेसह नोंदवायचे. अडचण एकच, मुले तीन वर्षांनी जातात. म्हणून वही मुलांची नको, विभागाची हवी, आणि खटावच्या कॉलेजातली वही विट्याच्या कॉलेजला पाहायला मिळायला हवी.

हल्ली या भागात टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उचलून येते. कराडजवळचे टेंभू म्हणजे आगरकरांचे जन्मगाव. या पाण्याने विहिरींची पातळी वाढलेली दिसली, तर तिच्यात कालव्याचा वाटा किती आणि पात्रात उरलेल्या वाळूचा किती? योजनेचे पाणी येत असतानाच्या आणि बंद असतानाच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या, तरच हे सांगता येईल.