‘शाह’पासून ‘चेक’पर्यंत

अडवणे, तपासणे, कापडावरील चौकड्या, बँकेला दिलेली लेखी आज्ञा आणि अमेरिकेत तर उपाहारगृहाचे बिलसुद्धा, असे एकमेकांशी न जुळणारे अर्थ वागवणारा इंग्रजीतील ‘चेक’ हा शब्द ‘शाह’ म्हणजे राजा या फारसी शब्दाचा वंशज आहे. (चेक प्रजासत्ताकाच्या नावाचा या कुळाशी संबंध नाही.) भारतातील चतुरंग इराणमार्गे अरबांकडे ‘शतरंज’ होऊन पोहोचला, तेव्हा राजावर चाल येताच ‘शाह’ असा पुकारा करण्याची रीतही त्याच्यासोबत गेली. हाच पुकारा मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि अखेर इंग्रजीत ‘चेक’ झाला. असा पुकारा झाल्यावर खेळणाऱ्याला बाकीचे बेत सोडून आधी राजा सोडवावा लागतो, आणि अडवणे, आवर घालणे हा अर्थ या सक्तीतून निघाला.

पैशाशी या शब्दाचा संबंध आला तो बुद्धिबळाच्या पटामुळे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल सुमारे 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद मेजावर मोजला जाई. रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे असल्याने मेजावर रेघा आखलेले काळे कापड अंथरून पेनी, शिलिंग, पौंड अशा रकान्यांतून सोंगट्या सरकवल्या जात आणि शेरीफ, म्हणजे परगण्याचा वसुली अधिकारी, समोर बसून हिशेब देई. हे कापड पटासारखे दिसे, म्हणून पटाचे फ्रेंच नाव मेजाला आणि मेजावरून राजाच्या खजिन्याला मिळून ‘एक्सचेकर’ हे खाते नावारूपाला आले. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170 च्या दशकात या खात्याच्या कारभारावर लिहिलेल्या लॅटिन संवादात खजिनदार आणि शेरीफ यांच्यातील झुंजीला बुद्धिबळाचीच उपमा दिली आहे, आणि हिशेब देणाऱ्याची अवस्था पाहता ती अतिशयोक्ती वाटत नाही. कापडावरील ‘चेक्स’ही या पटाच्याच घरांवरून आले.

बँकेचा चेक बराच उशिरा, अठराव्या शतकात आला. बनावटीला आळा बसावा म्हणून पैसे देण्याच्या कागदाचा एक तुकडा पडताळणीसाठी मागे ठेवला जाई. आरंभी त्या तुकड्यालाच ‘चेक’ म्हणत आणि पुढे ते नाव मूळ कागदाला चिकटले. ब्रिटिशांनी या अर्थापुरते शब्दाचे स्पेलिंग ‘एक्सचेकर’च्या वळणावर नेले, तर अमेरिकेने जुनेच ठेवले.

मराठीत हे घराणे दोन वाटांनी आले. ‘शह’ आणि ‘मात’ हे शब्द फारसीतून आले, ‘शह’ पटाबाहेर पडून राजकारणात रुळला आणि त्याला ‘काटशह’ हा मराठी जोडीदारही मिळाला. तिकीट चेकर, चेकनाका आणि चेक्सचा शर्ट ही मंडळी मात्र इंग्रजीच्या बोटाला धरून आली. ‘धनादेश’ हा शब्द या कुळाबाहेरचा असून तो सरकारी कागदांवर स्थिरावला, तरी बोलण्यात अजून चेकच वटतो.